कळव्याचा कॅट

माझ्याकडे पत्त्यांचे एकसष्ट कॅट आहेत. त्यांतले एकोणीस सीलबंद आहेत, म्हणजे ते मी कधी उघडलेले नाहीत आणि उघडणारही नाही. बायकोने एकदा विचारलं, "अहो, आत पत्तेच आहेत कशावरून?" मी म्हटलं, "वजनावरून." तिने पुढे काही विचारलं नाही. मानपाड्याच्या आमच्या घरात कपाटाचा एक खण पत्त्यांसाठी आहे. तिथे आधी स्वेटर होते. डोंबिवलीत स्वेटर फारसे लागत नाहीत.

जुना कॅट म्हणजे महाग कॅट, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. लाखांनी छापलेला कॅट साठ वर्षांनीही रद्दीच्या भावात मिळतो. उलट, हल्ली मुद्दाम संग्राहकांसाठी काढलेले कॅट येतात. सोनेरी कडा, क्रमांक घातलेली डबी, मर्यादित प्रती. ते घेणारा प्रत्येकजण ते जपूनच ठेवतो. तीस वर्षांनी ते सगळेच्या सगळे शिल्लक असतील, आणि विकणारे आम्ही सगळे एकमेकांकडे बघत असू. किंमत येते ती कुणी जपायचा विचारही केला नव्हता अशा कॅटला. कुठल्यातरी कंपनीने दिवाळीला फुकट वाटलेला, लोकांनी खेळून खेळून संपवलेला, आणि त्यातून चुकून एखाद्या घरी उरलेला.

हे ठरवण्यासाठी मी एक तक्ता केला आहे. शंभर गुण. डबी वीस, सगळे पत्ते असणं वीस, पत्त्यांची अवस्था तीस, दुर्मीळपणा वीस, आणि कॅट कुठून आला याचा पुरावा दहा. शेवटचे दहा गुण लोक विसरतात. "आमच्या आजोबांचा आहे" हा पुरावा नाही. प्रत्येकाला आजोबा असतात.

माझी आत्या कळव्याला राहते. आमच्या जुन्या जागेवर बिल्डिंग झाली तेव्हा तिच्या वाट्याला तळमजल्यावरचा फ्लॅट आला. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आतोबा जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगा नाशिकला असतो. रोज दुपारी दोन ते साडेचार तिच्याकडे तीन बायका येतात आणि चौघी मेंढीकोट खेळतात. समोरासमोर बसलेल्या दोघींची जोडी. ज्या जोडीच्या हाती दश्श्या जास्त, ती जिंकते. चारही दश्श्या एकीकडे गेल्या की दुसऱ्या जोडीवर मेंढीकोट. या अडीच तासांशिवाय आत्याच्या दिवसात विशेष काही नसतं. टीव्ही ती ऐकते.

ऐकते म्हणतो, कारण तिला दिसत नाही. गेल्या वर्षी मीच तिला ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे, कडेकडेचं दिसत राहील, मधलं आता येणार नाही. म्हणजे दार दिसतं, दारातल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. परत येताना रिक्षात आत्या म्हणाली, "आयक. हा कोनाला सांगायचा नाय. तुज्या बायकोला पन नाय. आनि त्या तिगींना तर नायच."

कारण मला माहीत होतं. त्यांच्यात आधी दुसरी एक म्हातारी होती. तिला दिसेनासं झालं तेव्हा कुणी काही वाईट बोललं नाही. तिला नुसतं सांगितलं, तू बस बाजूला, आमचे हात मोज. तिने महिनाभर हात मोजले. मग तिची कंबर दुखायला लागली, मग ती यायची बंद झाली. आत्याने हे जवळून पाहिलं होतं. त्या म्हातारीला बाजूला बसवायची सूचना आत्याचीच होती.

"पण तू खेळतेस कशी?" मी विचारलं.

"खेलते," ती म्हणाली. "तुला काय करायचा हाय?"

तिने सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. ही माझी पहिली चूक.

त्यांच्या खेळात एक पद्धत होती, ती मला तेव्हा नुसती गोंगाटाची वाटायची. पत्ता टाकताना प्रत्येकीने त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. "बदाम नव्वी." "बदाम राजा, घे." "इस्पिक दुर्री, आता बोल." मी कुठे अशी पद्धत पाहिली नव्हती. मी समजलो कळव्याची असेल.

मार्चमध्ये मी तिला औषधं द्यायला गेलो होतो, तेव्हा खेळ नुकताच संपला होता आणि कॅट चटईवर पडला होता. तीस वर्षं मी त्या घरात जातो. तो कॅट मी पाहिलेला होता, पण बघितला नव्हता. सहज हातात घेतला आणि इस्पिकचा एक्का वर आला. एक्क्यावर रंगाचा डबा आणि ब्रश होता. चारही राजांच्या हातात तलवारीऐवजी ब्रश. जोकर म्हणजे शिडीवर चढलेला रंगारी, त्याच्या डोक्यावर बादली उपडी झालेली.

आतोबा एका रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचे. तो कारखाना कधीचाच बंद झाला. डबी आत्याच्या देवघराच्या खालच्या खणात निघाली, रबर लावलेली, आणि आत कारखान्याची छापील चिठ्ठी होती: आमच्या विक्रेत्यांना सप्रेम भेट. म्हणजे बाजारात कधी आलाच नव्हता. जेवढे विक्रेते, तेवढेच कॅट. मी चटईवर बसलो.

"काय झाला?" आत्या म्हणाली.

"काही नाही. हा कॅट मला थोडे दिवस देशील? फोटो काढून ठेवतो."

तिने दिला नसता. पण त्याच आठवड्यात तिघींपैकी एकजण खडवलीला मुलीकडे बाळंतपणाला जाणार होती आणि आठ दिवस खेळ बंद राहणार होता. आत्या म्हणाली, "आट दिवसांनी परत. जसा हाय तसा." मी हो म्हटलं. 'जसा आहे तसा' याचा माझा अर्थ होता, हरवायचा नाही.

घरी येऊन मी नोंद केली. डबी, झाकण फाटकं: आठ. पत्ते: किलवर सत्ती हरवलेली, तिच्या जागी एका जोकरवर बॉलपेनने 'कि ७' लिहिलेलं. बारा. दुर्मीळपणा: अठरा. पुरावा, चिठ्ठी धरून: नऊ. अवस्था: तीसपैकी चार. एकूण एकावन्न. प्रत्येक पत्त्याची खराबी मी वेगळ्या ओळीत लिहिली, कारण नाहीतर नंतर आपण काय सुधारलं ते कळत नाही. चव्वेचाळीस पत्ते दुमडलेले किंवा कडेला खाचा पडलेले, काहींवर मेण. आठ पत्ते मात्र एकदम सरळ होते, त्याचा मला आनंद झाला.

मग मी कामाला लागलो. दुमडलेले कोपरे किंचित ओलसर कापसाने नरम करून सपाट केले. खाचा गव्हाच्या पिठाच्या पातळ खळीने भरल्या आणि नखाने घोटल्या. मेण टिपकागद ठेवून कोमट इस्त्रीने काढलं. वीज गेल्यावर मेणबत्तीत खेळत असतील, असा मी अंदाज केला. पाठीवरचा मळ खोडरबराने. शेवटी सगळा कॅट दोन काचांमध्ये ठेवून वर वीस किलोचा गव्हाचा डबा ठेवला. बायको म्हणाली, "अहो, पोळ्यांना गहू काढायचेत."

"पाच दिवस थांब."

"पाच दिवस काय खायचं?"

"भात."

पाच दिवस भात खाल्ला. अवस्था चारावरून सतरा झाली, डबी आठावरून अकरा. एकूण सदुसष्ट. मी फोटो काढून आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर टाकले, नुसती माहिती म्हणून. पुण्याच्या एका गृहस्थांनी तासाभरात बावीस हजार सांगितले. मी कळवलं की वस्तू माझी नाही, मालकिणीला विचारतो. नवव्या दिवशी सकाळी मी कॅट आत्याला नेऊन दिला. तिने डबी न उघडता देवघराच्या खणात ठेवली. मी रक्कम सांगितली. ती म्हणाली, "कागदाला?" आणि मी कामावर गेलो.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"पत्त्यांना काय केलास तू?"

"साफ केले. का?"

"कोन बोलला तुला साफ करायला?"

तिने जे सांगितलं ते असं. ती पत्ते बोटांनी खेळायची. पत्ता हातात आला की कडेवरून बोट फिरवायचं. कोपरे मोडके असले की बदाम, उलटे कोपरे मोडके असले की इस्पिक, मध्ये घडी म्हणजे चौकट, काहीच नसलं तर किलवर. मोठी पानं खाचांवरून कळायची, आणि दश्शी मेणावरून; बाकीची बारीक, त्यांचा नुसता रंग सांगून भागायचं. हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. जुना कॅट आहे, मोठी पानं जास्त हाताळली जातात म्हणून जास्त झिजतात, असं तिचं म्हणणं. आज दुपारी सगळे पत्ते सारखे लागले. 'बदाम' म्हणून तिने चौकट टाकली. दोनदा. तिसऱ्यांदा हुकमाची दश्शी बारीक पान समजून फेकली आणि मेंढीकोट झाला.

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काय नाय बोलल्या," आत्या म्हणाली. "तेच तर. एरवी एक पान चुकला तर आई-बाप काडतात. आज तिगी पन गप. चष्मा बदलायचा हाय, बोलले मी. एक बोलली, ऱ्हाऊ दे, डोका दुखत असंल. कलला त्यांना." मग म्हणाली, "उद्या उपास बोलले मी. परवा पन काडीन कायतरी. मग बसंन हात मोजत."

तिला मोठ्या अक्षरांचे पत्ते आणून देता आले असते. ठिपके उठवलेले, अंधांसाठीचेही मिळतात. दोन्ही चटईवर ठेवले की गोष्ट उघड. तेव्हा एकच मार्ग होता: जे नीट केलं ते पुन्हा बिघडवणं. आणि त्याची यादी माझ्याकडे होती, पत्त्यागणिक.

जेवण झाल्यावर मी यादी घेऊन बसलो. कॅट कळव्याला होता, पण आधी कागदावर जुळवाजुळव करावी म्हणून ओळी रंगांप्रमाणे लावल्या. बदामचे तेरा पत्ते: तेराही वर डावा आणि खाली उजवा कोपरा. इस्पिकचे तेरा: वर उजवा, खाली डावा. चौकटचे तेरा: लांब कडेला मधोमध घडी. ज्या आठ सरळ पत्त्यांचा मला आनंद झाला होता ते सगळे किलवरचे होते, दुर्रीपासून नव्वीपर्यंत, बॉलपेनवाला जोकर धरून. एक्क्यांना एक खाच, राजांना दोन, राण्यांना तीन, गुलामांना चार. मेण फक्त दश्श्यांवर, चारही दश्श्यांवर, त्याच जागी.

पत्ते असे झिजत नाहीत. मी एकसष्ट कॅट पाहिलेत, शिवाय विकत न घेतलेले वेगळे. समोरासमोरचे दोन कोपरे मोडले होते, म्हणजे पत्ता उलटा हातात आला तरी खूण तीच लागावी. हे डोकं लावून केलेलं काम होतं, आणि ते आत्याने केलेलं नव्हतं.

दुसरा शनिवार होता, सुट्टी होती. मी सकाळी कळव्याला गेलो, पण आत्याकडे न जाता आधी शेजारच्या जिन्यापाशी थांबलो. तिघींतली सर्वांत तिखट जिभेची काकी तिथे सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "आयलास? बस. इस्त्री आनलीस का?"

"काकी, तुम्हाला कसं कळलं?"

"हात लावला तवाच कलला. एकदम गुलगुलीत. आमी तिगींनी दोन दिवस खपून केलेला, तू इस्त्री फिरवलास."

आत्या एका लग्नाला दोन दिवस पनवेलला गेली होती तेव्हा त्यांनी ते केलं होतं. हिने कोपरे आणि घड्या, दुसरीने नखाने खाचा, आणि तिसरीने दश्श्यांवर मेण. पत्ते टाकताना नाव घ्यायची पद्धतही तेव्हापासूनची. मी विचारलं, कधीची गोष्ट? ती म्हणाली, दीड-दोन वर्षं झाली. म्हणजे डॉक्टरांच्या आधी किमान सहा महिने.

"ती बोलली का तुम्हाला, दिसत नाही म्हणून?"

"ती कशाला बोलंल? चहात साखरेच्या जागी मीठ टाकलान तिने, आनि आमी तो पिलो. मग काय बोलायचा ऱ्हायला?"

"पण तुम्हालाही तिच्या पानांच्या पाठी दिसतात ना. खुणा तुम्हीच केलेल्या. तिच्या हातात काय आहे ते तुम्हाला कळत असेल."

काकीने सूप खाली ठेवलं. "आमी खाली बगून खेलतो," ती म्हणाली. "तुला काय वाटला, लबाडी करतो?"

मी माफी मागितली. मग तिने मला कामाचं सांगितलं. ती आत्याला मासे आणायला बाजारात घेऊन जाणार, तासभर. तेवढ्यात मी करायचं. "आनि तिला सांगू नको आमी केलेला. ती समजते तिची अक्कल हाय. समजू दे."

आत्याने मला सांगितलं होतं, त्यांना कळू देऊ नको. त्यांनी सांगितलं, तिला कळू देऊ नको. मी दोन्हीकडे हो म्हटलं आहे आणि अजून दोन्हीकडे पाळतो आहे. त्यात माझं काही जात नाही, फक्त कोणाशी काय बोलायचं नाही ते लक्षात ठेवावं लागतं.

आत्याला मी म्हटलं, माझ्याकडे जुन्या खराबीची नोंद आहे, त्यावरून परत करून देतो. हे खरंच होतं. ती म्हणाली, "सगल्याची नोंद केलीस?" मी हो म्हटलं. "तुज्या बाबासारखा हायस," ती म्हणाली आणि काकी बोलवायला आली तेव्हा उपास मोडून तिच्याबरोबर मासे आणायला गेली.

चांगला पत्ता मुद्दाम दुमडणं मला जमेना. पहिला बदामचा एक्का होता. कोपरा धरला आणि सोडला, असं तीनदा. मग यादीतल्या ओळी वाचत गेलो आणि ओळीत लिहिलंय तसं करत गेलो, तेव्हा सुरळीत झालं. कोपरे, घड्या, खाचा. मेणासाठी देवघरातली मेणबत्ती. थेंब आधी मोठा पडला, पत्त्यावरच थिजला. तो नखाने कमी केला. पन्नास मिनिटांत चव्वेचाळीस पत्ते झाले. दोघी परत आल्या, आत्या हातपाय धुवायला आत गेली, तेवढ्यात काकीने पिशवी खाली ठेवली, पदराला हात पुसले, डोळे मिटले आणि मधलाच एक पत्ता ओढून त्यावर बोट फिरवलं.

"चौकट गुलाम," ती हळूच म्हणाली. उघडून पाहिलं. चौकट गुलाम होता. "घड्या जरा कडक झाल्यात. दोन दिवसांनी नरम होतील."

पुण्याच्या गृहस्थांचा निरोप आला होता: मालकीण काय म्हणाल्या? मी लिहिलं, वस्तू वापरात आहे. त्यांनी विचारलं, वापरात म्हणजे? मी पुन्हा लिहिलं, वापरात आहे. तक्त्यात मी नवी नोंद केली. मुद्दाम केलेल्या खराबीला आमच्यात जास्त गुण कापतात, म्हणून अवस्था एक. डबी अकरा तशीच राहिली. एकूण एकावन्न.

दोन वाजता चौघी बसल्या. मी निघायला हवं होतं, पण जेवायला थांबवून घेतलेलं, म्हणून भिंतीशी पेपर उघडून बसलो. काकीने पत्ते पिसले आणि वाटले. आत्याने तेरा पानं उचलली आणि अंगठा कडेवरून फिरवत एकेक लावून घेतली. हे मी आजवर शंभरदा पाहिलं असेल. पानं लावायला तिला वेळ लागतो, एवढंच मला माहीत होतं.

पहिला डाव आत्याच्या जोडीने घेतला. दुसरा गेला. तिसऱ्या डावात हुकूम इस्पिक होता, आत्याकडे राजा होता, आणि समोरच्या जोडीदारणीने इस्पिकची दश्शी टाकली असताना तिने तो धरून ठेवला. दश्शी गेली, आणि तिच्याबरोबर डावही. राजा तिला चांगला कळला होता, मी तिचा अंगठा दोन खाचांवर थांबलेला पाहिला. तिने चक्क चुकीचा हिशेब केला होता, कुणाही माणसासारखा.

तिच्या जोडीदारणीने पानं चटईवर आपटली. "राजा घेऊन बसलीस? लोनचा घालतेस त्याचा?"

"मना वाटला एक्का मागं हाय."

"एक्का गेला मगाशी. मी बोलले मोठ्याने, इस्पिक एक्का. कान पन गेले का तुजे?"

मी पेपरातून मान वर केली नाही.

"तुजे गेले," आत्या म्हणाली. "तू बोललीस किलवर. बस गपचूप."

"इस्पिक बोलले मी."

"किलवर."

काकीने माझ्याकडे बघून विचारलं, "तू होतास ना रे इथं, काय बोलली ती?"

मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. चौघींनी एकमताने ते मान्य केलं, आणि आत्याने पुढच्या डावासाठी पत्ते ओढून घेऊन पिसायला सुरुवात केली.